दादांच्या पेजवरची आई

दिग्विजयदादांचं आईवरचं प्रेम गेली दोन वर्षं मी सांभाळते आहे. म्हणजे ते माझं कामच आहे. चिंचवडच्या एका एजन्सीत मी नोकरीला आहे आणि आमच्याकडं पुढाऱ्यांची जी पेजेस आहेत, त्यांतलं दादांचं माझ्या वाट्याला आलेलं. त्यांच्या नावानं फेसबुकवर नि इन्स्टावर जे जे जातं ते मी लिहिते. गटार साफ झालं की मला समाधान वाटतं, कुणी वारलं की मला तीव्र दुःख होतं, आणि दर रविवारी सकाळी मला आईची आठवण येते.

दादा पिंपळे गुरवमधून उभे राहणार आहेत. महापालिकेची निवडणूक आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता इतकी लांबली, की फ्लेक्सवरचा ‘भावी नगरसेवक’ उन्हानं विटला आणि आम्हाला नवा छापून घ्यावा लागला. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी कुणी आजारी असलं तर स्वतः गाडी काढून दवाखान्यात नेतात. फक्त एक आहे, समोर कॅमेरा नसला की त्यांना आपल्या हातांचं काय करावं ते कळत नाही. मग ते खिशातला फोन काढतात.

सुरुवातीला मी विकासकामं टाकत होते. पेव्हर ब्लॉक, एलईडीचे दिवे, आरोग्य शिबिर. कुत्रं विचारत नव्हतं. मग मातृदिनाला आम्ही माणला गेलो. हिंजवडीच्या आयटी पार्कपल्याडचं हे दादांचं मूळ गाव, आता पार्कच गावात शिरलाय. दादांचे वडील केव्हाच गेले. आई, अंबुबाई, खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. वरच्या खोल्या आयटीतल्या मुलींना भाड्यानं दिल्यात. पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये सून आहे, नातवंडं आहेत, पण अंबुबाईंना लिफ्टमध्ये जीव घाबरा होतो आणि लिफ्टशिवाय तिथं जाता येत नाही. त्यामुळं त्या इकडं आणि हे तिकडं.

त्या दिवशी आम्ही त्यांना मागच्या अंगणातल्या चुलीपुढं बसवलं. त्या चुलीवर फक्त अंघोळीचं पाणी तापायचं. आत कुकरमध्ये इंद्रायणीचा भात होता, पावट्याची आमटी होती, पण भात फोटोत उठून दिसत नाही म्हणून मी त्यांना भाकरी थापायला लावली. ठेवणीतलं लुगडं नेसायला लावलं. दादा पाया पडले. उजेड चुकीच्या बाजूनं येत होता, म्हणून पुन्हा पडले. मग माझा अंगठा भिंगावर आला, म्हणून पुन्हा. शेवटच्या वेळी वाकलेलेच असताना त्यांनी मला विचारलं, “आता बरोबर?” अंबुबाईंनी मात्र प्रत्येक वेळी तितक्याच मनापासून डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “सुखी ऱ्हा.” 

मग दादांनी भाकरीचा एक घास तोंडात घातला, तोही व्हिडिओपुरता, आणि घड्याळ बघितलं. सांगवीला कुठल्याशा मंडळाचा कार्यक्रम होता.

“आरं बस की,” अंबुबाई म्हणाल्या. “आमटी उकळतीया.”

“येतो परत, आये.”

गाडी वळेपर्यंत त्या परातीतलं पीठ तसंच हाताला लावून उभ्या होत्या. मी मागच्या काचेतून बघत होते. पण मांडीवर लॅपटॉप होता आणि पोस्ट संध्याकाळच्या आत जायची होती.

ती पोस्ट अशी काही चालली की विचारू नका. ‘दादा, डोळ्यात पाणी आणलंत.’ ‘असा लेक सगळ्यांना मिळो.’ ‘मत नक्की तुम्हालाच.’ रस्त्यांच्या पोस्टला ज्यांनी कधी लाइक दिला नव्हता ते लोक आईवर रडायला आले. एजन्सीनं ठरवलं, आता दर रविवारी आई.

आता दर रविवारी नवी आठवण आणायची कुठून? दादांना विचारलं तर म्हणाले, “वर्षाली, तू बघ ना काहीतरी. आई काय, सगळ्यांची सारखीच असते. आईचं काहीही टाक, मला विचारत बसू नकोस.”

मग मी माझी आणली.

माझी आई औशाजवळच्या आमच्या गावी असते. आजी अंथरुणाला खिळली तेव्हापासून ती तिथं आणि मी नि पप्पा इथं आकुर्डीत, पप्पांच्या कंपनीपासून जवळच. रोज फोन होतो. जेवलीस का, हो. पप्पांनी गोळी घेतली का, हो. मग लग्नाचा विषय निघतो आणि आमचं भांडण होतं. ती ज्वारीची कडक भाकरी वरणात कुस्करायची, त्यावर कच्चं तेल सोडायची आणि मला हातानं भरवायची, मी कॉलेजला जायला लागले तरी. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. फोनवर तसं बोलायला आम्हा दोघींनाही लाज वाटते. दादांच्या नावानं मात्र ते सगळं मी अख्ख्या पिंपरी-चिंचवडला सांगून टाकलं.

पेजवर संपर्कासाठी जो नंबर दिलाय तो फोन माझ्याकडं असतो. नळाला पाणी नाही, शाळेत ॲडमिशन करून द्या, दादांना वाढदिवसाला पाठवा, असे फोन येतात. एका रविवारी संध्याकाळी फोन आला, “दिगू निघाला का?”

मला आधी कळेचना. मग आवाज ओळखीचा वाटला.

“अंबुबाई? काय झालं?”

“काय न्हाई. त्येनं लिव्हलंय न्हवं, येतोय म्हून. वरची पोरगी वाचून दावती मला. म्या बी वाचती, जरा दमानं. आमटी गरम करू का आताच, का येळ हाय?”

सकाळची पोस्ट मीच टाकलेली. ‘आई, आज संध्याकाळी येतोय गं तुझ्याकडं. पोटभर वाढ.’ खाली हात जोडलेली चिन्हं. तो नुसता शेवट होता. पोस्ट गोड संपावी म्हणून लिहिलेली ओळ. कॉमेंटमध्ये लोकांनी बदाम टाकले होते, आणि माणमध्ये एका बाईनं पावटे भिजत घातले होते.

दादा त्या वेळी कासारवाडीला क्रिकेटच्या स्पर्धेत चषक वाटत होते. मी म्हटलं, “ट्रॅफिकमध्ये अडकलेत.” हिंजवडीच्या रस्त्यावर ट्रॅफिक आहे, हे कुणालाही कधीही पटतं.

“व्हय, तिथं लई अडकतंया,” त्या म्हणाल्या. “मी बसती ओट्यावर. घाई करू नगं म्हनावं.”

मी दादांना फोन लावला. मागं लाउडस्पीकर चालू होता. “अगं, ती पोस्ट होती,” ते म्हणाले. “तिला एवढं कळत नाही का? सांग तिला, पुढच्या आठवड्यात येतो.” मी तसं सांगितलं. त्या अजून ओट्यावरच होत्या, मागून गाड्यांचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, “बरं. तू जेवलीस का?”

मला राग आला. दादांचा आला, स्वतःचा आला, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही आला. पोस्ट ही पोस्ट असते, हे सगळ्या जगाला कळतं. पण जगातलं कुणी दिग्विजयदादांची आई नव्हतं. आपल्या लेकानं लिहिलंय येतो म्हणून, तर आईनं ते कसं वाचायचं?

त्यानंतर त्यांचे फोन यायला लागले. रविवारची पोस्ट पडली की दुपारपर्यंत फोन. ‘दिगूनं आज बरं लिव्हलंय.’ ‘फोटूत वाळलेला दिसतोय, खातो का न्हाई?’ पुढचा आठवडा आला नि गेला. त्यानंतरचाही. मी त्यांना कधी बैठक सांगितली, कधी पक्षाचा मेळावा. त्या प्रत्येक वेळी “बरं” म्हणायच्या. तो ‘बरं’ ऐकायला नको म्हणून एका रविवारी मी फोन उचललाच नाही आणि दिवसभर मला काही सुधरलं नाही.

मग त्यांनी एकदा सरळच विचारलं, “ही भाकर कुनाची हाय गं?”

“कुठली भाकर?”

“वरनात कुस्करलेली. वर कच्चं त्याल. दिगूनं लिव्हलंय, मी आसं भरवायची म्हून. आमच्या गावात भात पिकायचा बाई. खाचरं हुती, तिथं आता त्या काचंच्या बिल्डिंगी हायेत. दिगू भातावर वाढला. आन् त्येला भरवायचं म्हंजी, एक घास घिऊन त्यो जो पळायचा, तो मी ताट घिऊन मागं, पार नाल्यापतुर. मांडीवर बसून खाल्लंच न्हाई कवा त्या पोरानं. तर ही भाकर कुनाची?”

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि ट्रॅफिकसारखं काहीच सुचेना. 

“माझ्या आईची,” मी म्हटलं.

“म्हंजी तू लिव्हतीस.”

“हो.”

“समदंच?”

“हो, अंबुबाई. सगळंच.”

मला वाटलं आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “मला कवाधरनं वाटत हुतं. म्हनलं, एवढं बोलनारं न्हाई आमचं.” मग थोड्या वेळानं, अगदी हळू आवाजात, “मंग त्येला काय आठवतंय का गं त्येचं त्येला?”

मला माहीतच नव्हतं. इतके दिवस मी या माणसाच्या मनातलं लिहीत होते आणि त्याच्या मनात काय आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

“तुजी आई कुठं असती?”

“गावी. औशाकडं.”

“तिला कळवतीस का हे, भाकरीचं?”

“नाही.”

“येडी हायस,” त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. काहीतरी ठरवल्यासारखा झाला. “हे बघ पोरी. त्येला मी सांगून त्यो येत न्हाई. सांगून सांगून दमले. पर फोनात लिव्हलं की त्यो करतो. लिव्हलं की पानपोई उघडनार, तर उघडतो. लिव्हलं की शिबिर, तर शिबिर. त्येचा शबुद त्यो फोनातच पाळतो. मंग तू लिव्ह की त्यो बुधवारी जेवायला येतोय. माझ्यासाटी न्हाई, लोकांसाटी लिव्ह. म्हंजी त्येला यावंच लागंल.”

“येतील ते,” मी म्हटलं. “फोटोग्राफर घेऊन येतील.”

“त्येच नगं. फोटू असला की त्यो बसत न्हाई. तसं बी लिव्ह.”

इतकी वर्षं आमच्या एजन्सीत मोठमोठी डोकी बसतात, पण कुणाला हे सुचलं नव्हतं. मंगळवारी सकाळी मी पोस्ट टाकली. ‘उद्या संध्याकाळी आईकडं जेवायला जातोय. फोटो नाही, लाइव्ह नाही, कार्यकर्ते नाहीत. फक्त आई आणि मी. तुम्हीही उद्या फोन बाजूला ठेवून आपापल्या आईकडं जा.’

नोकरी जाऊ शकत होती. पण दादांनीच सांगितलं होतं, आईचं काहीही टाक, विचारत बसू नकोस.

दुपारपर्यंत ती पोस्ट सगळीकडं. शाळांच्या ग्रुपवर, सोसायट्यांच्या ग्रुपवर. विरोधी पार्टीच्या पोरांनी ती शेअर करून वर लिहिलं, ‘बघू, खरंच जातोय का भावी.’ तेवढं पुरेसं होतं.

दादांचा फोन आला तो तापलेलाच. “बुधवारी माझी मीटिंग आहे, वर्षाली! कुणाला विचारून टाकलंस?”

मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. ते काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, “बरं, जाऊ. तू मागच्या बाजूनं गुपचूप एक-दोन फोटो काढ. नंतर कधीतरी वापरू.”

“दादा, कुणी बघितलं तर संपलं सगळं. फोटो नाही असं लिहिलंय.”

आपल्या शब्दात असा अडकलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि शब्द माझे होते.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांना निरोप द्यायला म्हणून त्यांच्या ऑफिसात गेले, तर ते म्हणाले, “चल, बस गाडीत.”

“पोस्टमध्ये फक्त आई आणि तुम्ही असं...”

“अगं चल नुसती,” दादा म्हणाले. मग ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, “मी एकटा काय करू तिथं?”

हे त्यांनी चेष्टेनं म्हटलं असतं तर मी हसले असते. पण ते खरंच विचारत होते. वाटेत वाकडच्या सिग्नलला त्यांचाच फ्लेक्स लागला होता, सगळे दात दाखवून हसणारा. त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. माणमध्ये गाडी वळणावरच थांबवून आम्ही दोघांनी फोन ड्रायव्हरपाशी ठेवले आणि चालत गेलो.

अंबुबाईंनी साधं रोजचं पातळ नेसलं होतं. मागच्या चुलीपाशी कुणी नव्हतं, सगळं आत गॅसवर होतं. मला बघून त्यांनी डोळे किंचित बारीक केले, पण तिसरं ताट काढलं. इंद्रायणीच्या वासानं घर भरलं होतं. आम्ही खाली बसलो. भात, पावट्याची आमटी, लोणचं. दादांच्या ताटात त्यांनी पातेल्याच्या तळाची खरवड काढून घातली.

दादांनी घसा साफ केला. सभेत करतात तसाच. “आई, जगात कुठंही जेवलो तरी तुझ्या हातच्या जेवणाची सर कशालाच नाही.”

“हे वाचलंय म्या,” अंबुबाई म्हणाल्या. भांडायला नाही, सहज सांगितलं. “दिवाळीच्या टायमाला.”

दादांनी आमटी कालवली. “तसं नाही... म्हणजे तू जे कष्ट केलेस, त्याची जाणीव मला रोज...”

“हे बी वाचलं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ताटात बघितलं. माझीच वाक्यं होती दोन्ही, एकही त्यांचं नव्हतं, आणि ती त्या खोलीत पार पोकळ वाटत होती. दादांचा हात खिशाकडं गेला. खिशात फोन नव्हता. मग तो हात त्यांनी मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला आणि पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं केला. बाहेर कंपन्यांच्या बसेस सुटल्या होत्या, त्यांचा आवाज येत राहिला. आई लेकाकडं बघत होती. इतक्या आतुरतेनं बघत होती की मला तिथून उठून जावंसं वाटलं. तिला काही मोठं नको होतं. काहीही चाललं असतं, पण त्याचं पाहिजे होतं.

“दिगू,” त्या एकदम म्हणाल्या, “एकाच बाजूनं का चावतोस?”

“काही नाही.”

“का चावतोस म्हनते मी.”

दादांनी घास खाली ठेवला. “दाढ दुखतीया, आये.” आणि हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. सभेत नाही, ऑफिसात नाही, फोनवर नाही. “लई दुखतीया. महिना झाला आसंल.”

“आन् बोलला न्हाईस?”

“कुनाला बोलू? समदीकडं हसायलाच लागतंया.”

फ्लेक्सवरचे ते सगळे फोटो मी निवडलेले. त्यातही बघून बघून, ज्यात दात जास्त दिसतात ते. एवढ्या महिन्याभरात रोज त्यांचा चेहरा मोठा करून, लहान करून, उजळून मी बघत होते. मला कधी दिसलं नव्हतं.

अंबुबाई उठल्या. मिसळणाच्या डब्यातून लवंग काढली, बत्त्यानं ठेचली, कापसात घेतली. “आ कर.” आणि इतका मोठा माणूस, ज्याच्या मागंपुढं दहा पोरं धावतात तो, मान मागं टाकून आ करून बसला. त्यांनी दोन बोटांनी कापूस दाढेवर दाबून धरला. “हितं? का म्होरं?” “हां. हितंच.” त्यांचा हात बराच वेळ त्याच्या गालावर राहिला. दादांनी डोळे मिटले होते.

मग बोलणं सुरू झालं. काय बोलले? काही नाही. चुलत्यांची म्हैस कुणी नेली. नाल्याकडेची करवंदीची जाळी गेली का आहे. लहानपणी दादांचा दात पडला तेव्हा तो कौलावर टाकायचा सोडून त्यांनी खिशात ठेवला आणि शाळेत हरवला, मग घरी येऊन भोकाड पसरलं. अंबुबाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या, परत हसत होत्या. मला दोघं विसरूनच गेले होते आणि मला त्याचा फार आनंद झाला. आणि फार हेवाही वाटला. आतापर्यंत मी लिहिलेल्या सगळ्या रविवारांपेक्षा त्या म्हशीत जास्त काही होतं.

दादा जेवल्यावर दिवाणावर जरा टेकले आणि तिथंच झोपले, दुखरा गाल उशीत घालून. “ऱ्हाऊ दे,” अंबुबाई कुजबुजल्या. मी ताटं उचलायला लागले तर त्यांनी तेही करू दिलं नाही, आवाज होईल म्हणून. मी निघाले तेव्हा त्या दिवाणाच्या कडेला खाली बसल्या होत्या. मी ड्रायव्हरला सांगितलं, साहेब मुक्कामाला आहेत. त्यानं माझ्याकडं अशी नजर टाकली की जणू मी चेष्टा करते आहे.

घरी जाताना मी आईला फोन लावला. “जेवलीस का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “आई, तू वरणात भाकरी कुस्करायचीस ना...” आणि पुढं मला बोलताच येईना. ती घाबरली. “काय झालं? पप्पा बरे आहेत ना?” मी म्हटलं, बरे आहेत. एवढंच जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन आला. आवाज मोकळा, ताजातवाना. “काय झोप लागली, वर्षाली! कित्येक दिवसांत अशी लागली नव्हती. ऐक, ते दाढेचं टाक. लवंग, आई, सगळं. एकदम खरं आहे. लोकांना आवडेल.”

आवडणार होतंच. लोक रडले असते. आणि दुपारी अंबुबाईंच्या फोनवर वरच्या मुलीनं त्यांना ती लवंग वाचून दाखवली असती.

“मी नाही लिहिणार, दादा,” मी म्हटलं. “ते तुमचं आहे. तुम्ही लिहा. पासवर्ड आहेच तुमच्याकडं.”

“मला कुठं येतं तुझ्यासारखं?”

“नसू दे माझ्यासारखं.”

“बरं,” ते म्हणाले. “लिहितो मी.”

पेजवर कुणी अर्धवट लिहून ठेवलं की ते मला दिसतं. दुपारी मी उघडून बघितलं तर एक नवीन मसुदा होता. ‘काल आये’ एवढे दोनच शब्द. संध्याकाळी बघितलं तर ‘काल आईने माझ्या’. त्यानंतर पाहिलं तर मसुदाच नव्हता. पुसून टाकलेला. त्यांना लिहिता आलं नाही, की त्यांना लिहायचंच नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही.

पेज तसंच मुकं राहिलं. खाली लोक विचारत होते, ‘गेलात का दादा?’ विरोधी पार्टीची पोरं लिहीत होती, ‘फेकू’, ‘आईच्या नावावर पण थापा’. एजन्सीतून मला तीनदा फोन आला, एक ओळ तरी टाक, नाही तर मातीत जाईल सगळं. मी दादांना कळवलं. ते म्हणाले, “राहू दे. बोलू दे त्यांना.” आणि फोन ठेवला. मग मी ड्रेनेजच्या कामाची पोस्ट टाकली. तिला कुत्र्यानंही विचारलं नाही.

रविवारी पेजवर आई आली नाही. दुपारी फोन वाजला.

“आज काय आलं न्हाई गं?” अंबुबाईंनी विचारलं.

“नाही.”

“बुधवारचं बी न्हाई लिव्हलं त्येनं? दाढंचं?”

“नाही, अंबुबाई. एक अक्षर नाही.”

मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मग त्या हसल्या, अगदी तोंडातल्या तोंडात.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “म्हंजी ते माझ्यापाशीच ऱ्हायलं.”

त्यांनी फोन ठेवला नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपडे वाळत घालत असावं, बादलीचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, असंच सहज विचारल्यासारखं,

“परत कवा येतो म्हनला का काय?”

‘येतोय गं आई’ हे मी कितीदा लिहिलं असेल. त्या दिवशी ते माझ्या तोंडातून निघेना.

“मला काही म्हणाले नाहीत,” मी म्हटलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “म्या पावटं भिजवून ठिवते.”